मोटेच्या कातड्याचे पंजे

एका साली वेठीवर गुरुसिद्धप्पाच्या उजव्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला. तळवा पिकला, न्हाव्यानं चिरला, पण तीन बोटं वाकडी झाली ती झालीच. तेव्हा निजामाचं राज्य. सरहद्दीवरच्या नाक्याला दर उन्हाळ्यात काटेरी कुंपण घालायची वेठ आमच्या गावावर होती. घरटी एक माणूस द्यायचा, मजुरी मागायची नाही. वाकड्या हाताचा माणूस नाक्यावरच्या जमादाराला चालेना, म्हणून पुढच्या साली त्याच्या बायकोनं, इरम्मानं जायचं ठरलं. दूध तीच काढायची, खुरपं तीच धरायची, भाकरी तीच थापायची. तिचाही हात गेला तर ते घर बसलंच म्हणून समजा.

मी त्यांच्या शेजारचा. गुरुसिद्धप्पा मला म्हणाला, "दादा, परंड्याला चला. नबीलालभाईकडनं हिच्या हाताला कायतरी शिवून आणू."

नबीलाल घोड्यांची खोगिरं शिवायचा. त्यानं बकऱ्याचं कातडं पुढं टाकलं. गुरुसिद्धप्पानं पटक्यात खोवून आणलेला काटा त्यात दाबला. आरपार.

"हे न्हाय चालायचं, भाई."

"मंग म्हशीचं घ्या. ह्यात खिळा बी जायाचा न्हाय."

काटा मोडला खरा, पण कातडं फळीसारखं ताठ.

"ह्यात मूठच वळंना. कोयता कसा धरायचा तिनं?"

"अप्पा, मऊ बी पायजे आन् काटा बी शिरू नये! तुमी कातडं मागताय का जादू?" नबीलाल हसला. मग जरा थांबून म्हणाला, "घरात जुनी मोट हाय का? तिची पानी वतायची सोंड आना."

होती. धा वर्षं पाणी आणि तेल पिऊन ते कातडं मऊ झालेलं, तरी दाट. शिवाय इरम्मा एरवी चामड्याला हात लावायची नाही, पण विहिरीवरची मोट तिच्या रोजच्या हातातली. नबीलालनं दोन पदर घालून पंजे शिवले. अंगठा सुटा, चार बोटं एकत्र, कोपरापर्यंत बाही. गुरुसिद्धप्पानं स्वतःच्या चांगल्या हातात घालून वरून धा काटे टोचून बघितले, तेव्हा कुठं त्याच्या जिवाला स्वस्थता आली.

वेठीच्या दिवशी ऊन नुसतं भाजत होतं. वेठीवर आलेली महानंदा म्हणाली, "इरम्मा, अस्वलीण दिसतीस गं!"

"दिसंना का. भाकरी थापताना बाईच हाय म्या."

दुपारपर्यंत तिनं माझ्या दुप्पट फांद्या ओढल्या. आमचे हात मात्र रक्तानं माखले.

दिवस मावळताना जमादारानं सगळ्यांना ओळीत उभं केलं. हा गडी ढीग बघायचा नाही, तळवे बघायचा. रक्त दिसलं की सुट्टी. हात स्वच्छ म्हणजे माणूस सावलीत बसून होता, असा त्याचा हिशेब.

"हाथ दिखाव."

इरम्मानं पंजे काढून हात पुढं केले.

"खून कहाँ है?"

"साहेब, पंजे घातलं व्हतं. त्यो ढीग बगा की, माजाच हाय."

"कामचोर! कल फिर आना. हाथ में काम दिखेगा, तब छुट्टी."

मी शेजारीच उभा. तिनं दुप्पट काम केलंय, एवढंच म्हणायचं होतं. पण माझे हात लाल होते, मला सुट्टी मिळालेली. मी गप्प बसलो. त्याची लाज मला आजही वाटते.

घरी तिनं खरं सांगितलं नाही. काम राहिलंय, एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी गुरुसिद्धप्पानं मला तिची भाकरी घेऊन धाडलं आणि मी दिवसभर तिथंच थांबलो. पंजे घालून तिनं कालच्याएवढंच काम उपसलं. ऊन कललं तसे पंजे काढले, झटकले, कमरेला खोवले. मग ढिगातून एक बारीक काटा निवडला.

"इरम्मा, काय करतीस?"

"जाडा काटा मोडून आत ऱ्हातुया, भाऊजी," ती म्हणाली आणि डाव्या तळव्यावर तीन ठिकाणी ओढला. "उजवा भाकरीला लागतुया."

जमादारानं हात बघितला. "अब ठीक है. जाव."

गुरुसिद्धप्पा ओट्यावर वाट बघत होता. त्यानं आधी पंजे घेतले, उजेडाकडं धरून उलटेपालटे केले आणि पोरासारखा हसला.

"एक भोक न्हाय, दादा! नबीलालभाईनं लाखाचं काम केलं!"

इरम्माचा डावा हात पदरात होता.

"व्हय, लई चांगलं हायेत," ती म्हणाली आणि आत जाऊन एका हातानं पीठ मळायला बसली.