एकट्याने जहाज अडवणारा

मित्रांनो, मी एक जुना हायड्रॉइड आहे. माझी हकीकत तुम्हाला खरी वाटायची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दिग्रसच्या एका शाळेत, प्रयोगशाळेच्या कपाटात, औषधाने भरलेल्या बाटलीत मी तेहतीस वर्षं उभा आहे. बसायची सोयच नाही.

मी समुद्रातला प्राणी. जेलीफिश माझी चुलत बहीण, पोवळं माझा मावसभाऊ. रूप मात्र वाळक्या काडीचं! कोकणातल्या एका खडकावर मी वाढलो, अगदी एकटा. एकट्यानेच शिकार केली, एकट्यानेच पोट भरलं. एकदा एका जहाजाच्या बुडाला मी असा चिकटलो, की ते जागचं हलेना. कप्तानाने हात जोडले, तेव्हा कुठे सोडलं. माझ्या अंगातून इवल्या छत्र्या सुटून पोहत जात, ती माझी लेकरं. हसू नका. छत्र्यांचं तरी खरं आहे.

सहलीला आलेल्या एका गुरुजींनी मला खडकावरून खरवडून इकडे आणलं. सुरुवातीला काय माझा थाट! पाहुणे आले की आधी मला दाखवत. मग बाटलीवरची चिठ्ठी गळून पडली आणि कुणीतरी मला वनस्पतींच्या फळीवर, शेवाळाशेजारी ठेवलं. तेव्हापासून मी गवत. "मी गवत नाही" असं किती वर्षं मनात म्हणायचं? थकलो बुवा.

आज कपाटाची सफाई निघाली. विज्ञानाच्या सुचित्रा मॅडम म्हणाल्या, "नंदूभाऊ, चिठ्ठी नसलेल्या वनस्पती काढून टाका. ताज्या आणू."

शिपाई नंदकिशोरने मला उचलून उजेडात धरलं. "हे तं गवतच दिसून राह्यलं, मॅडम. इतके वर्षं कायले सांभाळलं?"

खाली कचऱ्याची टोपली होती.

"थांबा नं नंदूभाऊ, पाहू द्या मले," नववीतली अर्पिता म्हणाली. तिने हातातलं फडकं टाकलं आणि भिंग घेतलं.

मित्रांनो, फेकण्याआधी एकदा नीट बघावं, एवढंच माझं मागणं होतं. आता बघणारी आली, तर उरलंसुरलं बळ गोळा करून मी तिला सगळं सांगितलं. पोरी, मी एकटा जीव. म्हातारा, निराधार. एकट्याने जहाज अडवणारा. मला मागे-पुढे कोणी नाही.

ती बराच वेळ बघत राहिली. मग ओरडलीच.

"मॅडम, हा साफ खोटं बोलून राह्यला! एकटा कुठचा? काडीकाडीवर बारक्या वाट्या हायेत, अन् वाटीवाटीत एकेक मिशीवाला जीव बसेल हाय. शंभर तं मी आत्ताच मोजले! अख्खा मोहल्ला कोणी टोपलीत टाकते का, नंदूभाऊ?"