पाण्यात लागणारा दिवा

मित्रांनो, मी एक जुने लाइफ जॅकेट आहे. रंग नारंगी, अंगावर चकाकत्या पट्ट्या, गळ्याशी शिट्टी आणि खांद्यावर बोटाएवढा एक दिवा. सध्या माझा मुक्काम वर्धा जिल्ह्यात, तळेगावच्या एका संत्र्याच्या बागेत आहे. समुद्रावरचा गडी इथे कुठे उगवला, असे तुम्ही म्हणाल. सांगतो ना! तेच सांगायला कधीचा उतावीळ झालो आहे.

आधी त्या दिव्याचे ऐका. त्याला बटण नाही. तो पाण्यात बुडाला की आपोआप लागतो. कारखान्यात मला शिवले तेव्हा माझ्या काही भावंडांना टाकीत टाकून पाहिले. त्यांचे दिवे काय झकास लागले! माझा नंबरच आला नाही. मी कोरडाच्या कोरडा खोक्यात गेलो आणि तिथून थेट एका भल्यामोठ्या क्रूझ जहाजावर. तेव्हापासून मला एकच ध्यास लागला. आपला दिवा लागतो तरी का, हे एकदा पाहायचे होते. तो लागायचा तर कोणाला तरी पाण्यात पडावे लागेल, एवढा विचार कोण करतो?

जहाजाचा काय थाट सांगू! आत नाचगाणी, वर पोहण्याचा हौद, जेवणाला पदार्थ इतके की माणसे ताट घेऊन नुसती फिरत राहायची. पण मुंबई सोडण्याआधी भोंगा वाजायचा. तुटक तुटक आणि शेवटी एक लांबलचक. मग सगळ्या प्रवाशांनी ठरलेल्या जागी जमायचे. तिथे नीलेश मला अंगात घालून उभा राहायचा आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या. माझी छाती अशी फुगायची की काय सांगू! नीलेश हा तळेगावच्या मोतीलाल शेठचा मुलगा. प्रवाशांना सुरक्षित राहायला शिकवणे हे त्याचे काम. "पट्टा घट्ट ओढा, बक्कल टक् वाजले पाहिजे," तो सांगायचा. लोक मात्र मोठे मजेदार. कोणी जॅकेट उलटे घालून फोटो काढायचे, तर कोणी ते डोक्याखाली घेऊन चक्क आडवे व्हायचे.

एका फेरीला नीलेशने आपल्या आईवडिलांना जहाजावर बोलावले. मोतीलाल शेठ आणि मंदाबाई आले ते लाडू-चिवड्याचे डबे घेऊनच. भोंगा वाजला. सगळे जमले, शेठही आले, पण मंदाबाईंचा पत्ता नाही. आता सगळ्यांची हजेरी लागल्याशिवाय जहाज हलेना. नीलेश धावत खोलीत गेला. पाहतो तर काय, बाई पलंगावर पाय पसरून निवांत बसलेल्या!

"आई, तू काऊन नाई आली वो?"

"मले कायले यायचं? माहा पोरगाच इथं साहेब हाय. मले काय होते?"

"समुद्राले काय माहीत का तू साहेबाची माय हाय म्हणून? चाल, सारं जहाज तुह्यासाठी थांबून राह्यलं!"

झाले! मंदाबाई ओशाळल्या, पदर सावरत आल्या आणि पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या. नीलेशने मला स्वतःच्या अंगातून काढून सगळ्यांदेखत आईच्या अंगात घातले. बक्कल टक् वाजले. मग तो म्हणाला, "कोणी पाण्यात पडले तर मागून उडी मारू नका, नाहीतर बुडणारे दोन होतात. आधी ओरडा. जे तरंगते ते त्याच्याकडे फेका. आणि त्याच्यावरची नजर हलवू नका, बोट दाखवत राहा. लाटांमध्ये माणूस क्षणात दिसेनासा होतो." मंदाबाईंनी तेवढ्यात बोट पुढे करूनही पाहिले. लोक हसले, पण बाईंनी ते हसणे मनावर घेतले नाही.

पुढे जहाज एका बेटाजवळ थांबले. लहान होडीतून किनाऱ्यावर जायचे होते आणि मी मंदाबाईंच्याच अंगात होतो. होडी डुलत होती आणि धक्क्यावर शेवाळ होते. एक गृहस्थ फोटोसाठी होडीत उभे राहिले, तशा मंदाबाई कडाडल्या, "बसा ना खाली! मोबाईल जाईल अन् त्याच्यामांग तुमी जासान!" ते गृहस्थ झटकन बसले. धक्क्यावर पाय ठेवताना मंदाबाईंनी शेठचा हात गच्च धरला होता. माझा दिवा? कसला लागतो! मी तसाच कोरडा.

काही दिवसांनी जहाजासाठी एकाच नमुन्याची नवी जॅकेटे आली. आम्ही धडधाकट होतो, तरी आम्हाला उतरवले. साहेबांची रीतसर परवानगी घेऊन नीलेशने मला घरी नेले. मित्रांनो, काय स्वागत झाले म्हणता! अर्धे तळेगाव मला पाहायला आले. शेठ आपल्या दुकानात बसून जहाजाचे वर्णन करायचे. मंदाबाईंनी मला पुसून पुसून लख्ख केले आणि मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर गाठ मारून, कपाटावर ठेवून दिले. का? तर वस्तू खराब होईल! दिवाळीला झाडताना कोणाला आठवलो तर आठवलो. पिशवीत जीव गुदमरायचा.

मग शेठनी आपल्या संत्र्याच्या बागेत शेततळे केले. चौकोनी, खोल, उतारावर काळ्या प्लास्टिकचे अस्तर. पाणी भरले तशा मंदाबाई पाहायला गेल्या. काठावर वाकून त्यांनी प्लास्टिकवरून हात फिरवला. बुळबुळीत लागले. घरी आल्या त्या थेट कपाटापाशी. पिशवी फाडली, माझ्या पाठीच्या पट्ट्याला लांब दोर बांधला आणि मला तळ्याकाठच्या खांबावर नेऊन टांगले. आनंदाने मी वाऱ्यावर नुसता डोलू लागलो.

शेठ मात्र वैतागले. "अवो, शेततळ्याले काय क्रूझ समजली का तू?"

"जहाजावर इतके लोकं होते तरी सारं लावून ठेवलं होतं. इथं त कुत्रं बी नाई ओरडाले," मंदाबाई म्हणाल्या.

शेजारच्या बागेचे वासुदेवराव येता-जाता विचारायचे, "काय शेठ, जहाज कधी येऊन राह्यलं?" शेठ चिडायचे, मला काढून घरी न्यायचे. दुसऱ्या दिवशी मंदाबाई मला परत आणून टांगायच्या. असा आमचा खेळ चालला होता.

आणि तो दिवस आला! भर दुपार होती. मोटर पाणी ओढेना. पाइपाच्या तोंडाशी कचरा अडकला असेल म्हणून शेठ चपला काढून उतारावर उतरले. एक पाय घसरला, दुसरा घसरला, आणि धप्प! ते वर यायला पाहत होते, पण प्लास्टिकवर हात ठरेना. तोंडात पाणी गेले. मंदाबाई झाडांपाशी होत्या. त्या धावत काठाशी आल्या, एक पाय पुढे टाकला, आणि मी मनातच ओरडलो, उडी मारू नका हो, बाई! त्या थांबल्या. वळल्या. त्या दिवशी मी खांबावरच होतो आणि दोराचे टोक खांबाला बांधलेले होते. मला ओढून त्यांनी असे जोरात भिरकावले की मी थेट शेठच्या तोंडापुढे पडलो.

"धरा! अवो, धरा त्याले! वासुदेवभाऊऽऽ! धावा वो!"

शेठनी मला मिठी मारली. बापरे, काय ती मिठी! त्यांची छाती माझ्यावर धडधडत होती. मी सगळे बळ एकवटून तरंगत राहिलो आणि त्यांची हनुवटी पाण्याबाहेर धरून ठेवली. वासुदेवराव पळत आले तेव्हा मंदाबाई काठावर उभ्या होत्या. एका हाताने दोर धरलेला, दुसऱ्या हाताचे बोट शेठकडे रोखलेले. एवढेसे तळे, माणूस समोर दिसतोय, तरी त्यांनी नजर हलवली नाही आणि बोटही खाली घेतले नाही. वासुदेवरावांनी दोर ओढला. शेठ काठावर आले, खोकले, आणि लहान मुलासारखे रडले.

तेवढ्यात मंदाबाई ओरडल्या, "अवो, पाहा! याचा दिवा लागला!"

लागला होता, मित्रांनो! एवढा समुद्र सोडून तळेगावच्या गोड्या पाण्यात माझा दिवा लागला होता. भर उन्हात तो मिणमिणता दिसत होता. इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली, तो लागला. पण माझे लक्ष त्याच्याकडे नव्हतेच. मी शेठचा श्वास ऐकत होतो.

आता नीलेशने पट्टे तपासून नवा दिवा बसवला आहे. मला खांबावर स्वतः शेठ टांगतात. वासुदेवरावांनी त्यांच्या तळ्यासाठी नवे जॅकेट आणले, आता जहाजाची चेष्टा बंद. मित्रांनो, तुमच्या होडीत, जहाजात, तळ्याकाठी माझे भाऊबंद असतील. त्यांना पिशवीत कोंडू नका. हाताशी ठेवा आणि घालाल तेव्हा बक्कल टक् वाजेपर्यंत लावा. माझा हा नवा दिवा लागतो की नाही, हे मला मुळीच पाहायचे नाही.