डावा पेच

सिब्याने पालथ्या घागरीवर पागोट्याचा शेवटचा पेच ओढला आणि टोक उजव्या कानाच्या जागी खोचलं. घागरीला कान कुठला असायला, पण तिच्या बोटांना ती जागा ठाऊक होती. मग तिने ते अलगद उचललं. आत पोकळी राहिली, नेमकी एका डोक्याएवढी. त्या पोकळीत बघायचं तिने टाळलं.

गोठ्याबाहेर हानून मीठवाला गाढवाचा कासरा धरून उभा होता.

"काय बोलायचं, ते एकदा म्हणून दाखव," ती म्हणाली.

"मिखमाशच्या खिंडीत कपारीपाशी सापडलं. शेजारी हाडं होती. संपलं. लांबण लावायची नाही."

"आणि नजर खाली ठेवायची."

"अगं बाई, मी मीठ विकतो. तोलताना माझी नजर कधी वर असते का?"

सिब्याला हसू आलं नाही. तिने मनगटातलं कडं काढून त्याच्या हातावर ठेवलं. "आज खिंडीपलीकडे मुक्काम कर. उद्या तिकडूनच गावात ये. वेशीवर बसलेल्यांना तू तिकडून येताना दिसायला हवास."

पागोटं तिच्या नवऱ्याचं, गेराचं, लग्नातलं होतं. तागाचं पांढरंशुभ्र कापड, काठ निळा, आणि तो काठ त्याच्या आईने, यरूशाने, स्वतः विणलेला. लग्नाच्या दिवशी तिनेच ते मुलाच्या डोक्यावर चढवलं होतं. पुढे पलिष्ट्यांशी लढायला निघालेल्या मुलालाही म्हातारीने तेच बांधायला लावलं. माझा मुलगा उघड्याबोडक्या डोक्याने जाणार नाही म्हणाली. गच्चीवरून ती बघत राहिली, आणि गेरा ऐटीत निघाला. पण झऱ्यापाशी सिब्या पाणी भरत होती, तिथे त्याने ते उतरवलं. "रक्ताने नासेल. ठेव तुझ्याकडे." मग कमरेचं जाडंभरडं फडकं तिच्यापुढे धरून तो खाली बसला. तिने ते त्याच्या डोक्याला गुंडाळलं, तर हा हसायला लागला. "सिब्ये, तुझा पेच त्या वळणापर्यंतसुद्धा टिकायचा नाही!" डावखुऱ्या हाताने त्याने फडकं पुन्हा बांधलं, उलट्या बाजूने, आणि टोक डाव्या कानावर उंदराच्या कानासारखं बाहेर ठेवलं. तशीच त्याची खोड होती. वळणावर तो दिसेनासा झाला. बाकीचे परत आले. गेरा आला नाही, त्याची हाडंही आली नाहीत.

त्यानंतर तीनदा जव कापून झाले. यरूशाच्या कपाळावरची चांदीची पट्टी काही उतरली नाही. ज्या घरात माणूस मरतं, तिथे डोक्यावरचं सगळं उतरतं आणि तिथे राख येते. यरूशा राखेला हात लावायला तयार नव्हती. गावातल्या बायका पाणवठ्यावर म्हणायच्या, "म्हातारीच्या कपाळावर चांदी आहे ना, मग गेरा जिवंत आहे!" आणि खुसखुसायच्या. वेशीवरच्या वडीलधाऱ्यांनीही हात वर केले होते. "आईने राख घेतली नाही, तर त्याला मेला म्हणणारे आम्ही कोण?"

गेरा मेला ठरला असता, तर धाकट्या दिराने तिला पदरात घ्यायचं, आणि पहिल्या पोराने गेराचं नाव लावायचं. रीतच होती ती. पण दीर उज्जी आता हाताशी आला होता. रामा गावाहून त्याला सोयरीक सांगून आली होती, कापणी संपताच माणसं यायची होती. मग ह्या घरात सिब्या कोण? सून नाही, विधवा नाही, जात्यापाशी बसवलेली एक बाई. कूस रिकामी ती रिकामीच राहायची.

गेरा मेलेलाच आहे, ती स्वतःला बजावायची. मी फक्त ते सांगतेय. रडायची वेळ येईल म्हणून तिने गोठ्यात तोंडात पदर कोंबून हंबरडा पुन्हा पुन्हा घोटूनसुद्धा ठेवला होता, कारण खरी आसवं केव्हाच आटली होती. एकच भीती होती. गेराचा उलटा पेच तिच्या हाताला कधी वळला नव्हता. पण म्हातारीची नजर अधू झालेली, एवढं कोण बघतंय?

दुसऱ्या दिवशी दुपारी, वाळवंटाकडून गरम वारा सुटलेला असताना, हानून आला. त्याच्यामागे अर्धा गाव अंगणात शिरला. त्याने शिकवलं तेवढंच सांगितलं. नजर मात्र त्याने मुद्दाम खाली ठेवल्यासारखी वाटत नव्हती. ती वर उचलायचीच त्याला भीती वाटत असावी.

यरूशाने पागोटं मांडीवर घेतलं. निळा काठ बोटांनी चाचपला. मग तिची बोटं टोक शोधू लागली. सिब्याची नजर उजव्या बाजूला खिळली होती. म्हातारीची बोटं उजवीकडून फिरली, तिथे काही मिळालं नाही, आणि डावीकडे जाऊन थांबली. तिथे कापडाचा एक कोपरा उंदराच्या कानासारखा वर आला होता.

"डावा पेच," यरूशा म्हणाली. "माझ्या गेराचाच हात. आता मला कुणी काही सांगायला नको."

तिने दोन्ही हात वर नेऊन कपाळावरची पट्टी सोडली. बायकांनी गळा काढला. सिब्या पाठमोरी झाली आणि भिंतीला धरत बाहेर गेली.

हानून गाढवाच्या पाण्याच्या डोणीपाशी होता. तोंडावर पाणी मारून घेत होता.

"पागोटं सोडलंस तू?"

"मी नाही. खिंडीत वावटळ आली, ते सुटून काट्यांत पडलं. मला कुठलं बांधता येतंय! कपारीपाशी एकजण बसला होता. म्हणाला, आण इकडे."

"कोण?"

"मला वाटलं, गुराखी असेल. एवढ्या उन्हात डोकं उघडं. मी पाणी पुढे केलं, तर म्हणाला, आता लागत नाही."

"कुठल्या हाताने बांधलं त्याने?"

हानूनने आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं, आणि आठवत आठवत डावा वर केला.

सिब्याने डोणीची कड धरली. "बोलला काही?"

"हसला. म्हणाला, तिचा पेच वळणापर्यंतसुद्धा टिकत नाही." हानूनचा आवाज खाली गेला. "बाई, मी तुझं नाव घेतलं नव्हतं. कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. चल गावात, म्हटलं त्याला. तर म्हणतो, पागोटं पोचलं म्हणजे मी पोचलो." त्याने कमरेला खोचलेलं कडं काढून डोणीच्या काठावर ठेवलं. "हे घे तुझं. मला नको."

ती अंगणात परतली तेव्हा यरूशा भुईवर बसली होती. तिचं उघडं डोकं सिब्याने कधी पाहिलं नव्हतं. विरळ पांढरे केस, आणि कपाळावर पट्टीचा फिकट वण. उज्जी दाराशी बोडक्याने उभा होता, आणि सिब्याकडे बघत होता, जसं आजवर कधी उघड बघितलं नव्हतं तसं.

"ये पोरी," यरूशाने राखेची मूठ पुढे केली. "तूच एकटी माझ्यासारखी वाट बघत राहिलीस. आता रड."

सिब्याने डोक्यावरची मण्यांची सर ओढून काढली आणि मान खाली घातली. राख केसांत पडली, कानांवरून मानेवर उतरली.

"आई, अजून घाला," ती म्हणाली.

गोठ्यात घोटून ठेवलेला हंबरडा काही आलाच नाही. आला तो दुसराच होता. तो ऐकून उज्जी भिंतीला टेकला, बायकांचं रडणं थांबलं, आणि तो थांबवायचा कसा हे सिब्याला ठाऊक नव्हतं.