घरातली दोरी

कोळशाची वीज बंद करायची, उन्हावाऱ्याची आणायची, असं सरकारात ठरलं आणि एका सकाळी वस्तीशेजारच्या वीज कारखान्याचं धुराडं गप्प झालं. तिथला बॉयलरवाला त्या दिवशीही नेहमीसारखा उठला, जाड बूट चढवले आणि पलंगावर बसून राहिला. मग रोजच तसं होऊ लागलं. सकाळी बूट घालायचे आणि दिवसभर भिंतीकडे बघायचं. माणूस जेवत होता, विचारलं तर उत्तरही देत होता, पण असून नसल्यासारखा. बायकोच्या जिवाला घोर लागला.

त्या वस्तीत बायकांची एक रीत होती. धुणं पिळलं की आधी वर बघायचं. धूर नदीकडे वळलेला असला तर कपडे बाहेर, वस्तीवर असला तर घरातल्या दोरीवर. नाहीतर धुतलेल्या सदऱ्यावर राख बसलीच म्हणून समजा. आता धूरच उरला नाही, तेव्हा गल्लीभर दोऱ्या ताणल्या गेल्या. बॉयलरवाल्याची बायको मात्र अजून खोलीतच धुणं वाळत घाली.

शेजारच्या शिंपिणीने तिला छेडलंच. “काय गं, तुझं धुणं उन्हाला लाजतं का?”

“असू दे. आतच बरं.”

“माझ्या सासूचा खोकलासुद्धा पळाला बघ! आता नुसती जीभ चालते.”

“हळू बोल, बाई. ते आत बसलेत.”

छाती भरून श्वास घेता येतो हे तिलाही कळत होतंच की. पण ज्या धुरावर आपली चूल पेटली, लेक शिकली, तो गेला म्हणून नवऱ्यादेखत खूश कसं व्हायचं? आपली चादर बाहेर फडफडली तर ती त्याला हसल्यासारखी दिसेल, असं तिला वाटे.

एकदा तो आपल्याच तंद्रीत उठला आणि ओली चादर थेट तोंडावर बसली.

“अगं, हे घर आहे की गलबत?” चादरीतून आवाज आला. “बाहेर एवढं ऊन पडलंय!”

“राख बसेल ना,” ती सवयीने बोलून गेली.

“कुठली राख?”

तिने जीभ चावली. त्याने खिडकीतून पाहिलं. गल्लीत सगळ्यांचे कपडे वाऱ्यावर डोलत होते.

“माझ्यासाठी आत घालत होतीस?”

“तुमच्या मनाला लागेल म्हणून.”

“जन्मभर मी राख धाडली आणि तू धूत बसलीस. एकदा तरी बोलायचं होतंस.”

“बोलून काय? धूर तुमचं ऐकणार होता थोडाच?”

त्याला हसू फुटलं. हसताना डोळे भरले, ते त्याने चादरीच्याच टोकाला पुसले. मग खिळ्यावरची दोरी सोडली आणि तो अंगणात गेला. भिंतीपासून खांबापर्यंत दोरी थोडी कमी पडली. तो पायरीवर टेकला, बूट उतरवले, त्यांच्या लांब नाड्या ओढून काढल्या आणि दोरीला गाठ मारून जोडल्या.

“बघतेस काय?” अनवाणी उभा राहून तो म्हणाला. “आण ती चादर. आणि दुसरं टोक धर.”