चौदा नंबरचे बूट

राजीव सुर्वे सतरंजीवर बसले आणि बुटात नाडी ओवू लागले. उजवा गुडघा वाकत नव्हता, म्हणून तो पाय त्यांनी सरळ पसरून दिला होता. बूट पांढरे, टाचेला निळी पट्टी, चौदा नंबरचे. मस्कतमध्ये एवढा नंबर कुठे मिळाला नाही, तेव्हा त्यांनी ते दुबईहून मागवले होते.

"सर, मी करतो ना," तौहीद म्हणाला. तो सोफ्याच्या कडेला अवघडून बसला होता. त्याचे गुडघे जवळजवळ छातीपर्यंत येत होते.

"गप बस. पहिल्या बुटाची नाडी कोचने ओवायची असते."

असा कुठलाही नियम नव्हता. त्यांची मुलगी रेवा बारा वर्षं बाबांच्या बास्केटबॉल टीमचा स्कोअर लिहीत होती, आणि आजवर कुणाच्या बुटाला त्यांनी हात लावलेला तिने पाहिला नव्हता.

तौहीदचा बाप जैनुद्दीन नुकताच जुम्याची नमाज पढून घरी आला होता. डोक्यावर टोपी तशीच होती. दारातच थांबून त्याने हा प्रकार पाहिला.

"काय रे राजीव, नवरदेवाला सजवतोस काय? कान पिळायला कुणाला बोलवू?"

"वरात सप्टेंबरात आहे," बाबा मान वर न करता म्हणाले. "तोपर्यंत कान शाबूत राहू देत."

आतून आमिनाचाची हसल्या. मटणाचा वास बाहेरच्या खोलीपर्यंत आला होता. दाभोळच्या खाडीच्या एका काठावर सुर्व्यांचं गाव, दुसऱ्या काठावर जैनुद्दीनचं. एकोणनव्वद साली दोघे एकाच विमानाने मस्कतला उतरले. बाबा मस्कतच्या गाला भागात गॅरेजांच्या मागे उभ्या राहिलेल्या एका खाजगी कॉलेजात खेळाचे शिक्षक झाले, जैनुद्दीनने मस्कतबाहेर बरक्याला मासळीबाजाराजवळ बर्फाचं दुकान टाकलं. दुकानाच्या मागे, एका जुन्या पाइपाला वेल्डिंग करून लावलेल्या कड्यात तौहीद बॉल टाकताना बाबांनी तीन वर्षांपूर्वी पाहिला होता. तेव्हापासून त्याला शिकवायचा एकही शुक्रवार चुकला नव्हता. आता तो अठरा वर्षांचा होता आणि सहा फूट पाच इंच.

कॉलेजच्या टीममध्ये सहा फुटांच्या वर एकच मुलगा होता, आणि त्याला दमा होता. या वर्षीही असंच चाललं तर कोर्टाची जागा पार्किंगला देऊ, असं डीननी जूनमध्ये सांगितलं होतं. बाबांनी ते घरी येऊन सांगितलं आणि लगेच पुढे म्हणाले, "देऊ देत की नाही बघू. तौहीद येतोय."

जेवायला सांदणं होती. बाबांनी चार खाल्ली, पाचवं आमिनाचाचींनी न विचारता वाढलं. हात धुवून झाल्यावर जैनुद्दीनने आपला ओला हात बाबांच्या हातावर ठेवला.

"पोर तुझा. शब्द माझा. खलास."

रेवाने पर्स उघडली. प्रवेशाचा फॉर्म तिने कॉलेजच्या ग्रंथालयातच, आपल्या टेबलावर बसून भरला होता. वडिलांची सही आणि त्यांच्या रहिवासी कार्डाची, म्हणजे बताकाची, कॉपी एवढंच राहिलं होतं. कागद अर्धा बाहेर आला तसं बाबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. तिने तो परत आत सरकवला.

बेसिनपाशी ते तिच्या कानाशी येऊन म्हणाले, "जेवल्या घरी कागद काय काढतेस? जैनूला वाटेल आपला भरवसा नाही. जाताना घे, गाडीपाशी. सहज म्हणून."

तौहीदने तिला दुकानामागे नेलं. नवं कडं दाखवायचं होतं. तो अनवाणी चालत होता. बूट त्याने दोन्ही हातांत, जमिनीपासून उंच धरले होते. मातीत घालायचे नाहीत, असं सरांनी बजावलं होतं.

"दीदी, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"तुमची टीम... म्हणजे, चांगली आहे?"

"गेल्या वर्षी अकरा मॅचेस. एक जिंकलो."

"ती कशी?"

"समोरच्यांची बस सोहारला बंद पडली."

तो खूप हसला. मग हसू थांबलं आणि तो बुटांकडे बघत राहिला.

"शारजाच्या एका युनिव्हर्सिटीचा मेल आलाय. फुल स्कॉलरशिप. तिथे ट्रेनर आहे, जिम आहे, सगळं आहे. अब्बांना अजून नाही सांगितलं. सरांना कसं सांगू, दीदी? त्यांनी बूट आणलेत."

बर्फाचं मशीन धडधडत होतं. रेवा बुटांच्या नाड्यांकडे पाहत होती. बाबांनी त्या दोन्हीकडे अगदी सारख्या लांबीच्या ठेवल्या होत्या, टोकं जुळवून. ती पंधरा वर्षांची असताना शाळेच्या मुलींच्या टीममध्ये होती. तिने बूट मागितले होते. मुलींची मॅच बघायला कोण येतं, कॅनव्हासचे चालतील, असं बाबा म्हणाले होते. रागाने नाही, पेपर वाचता वाचता. तिने एक सीझन कॅनव्हासच्या बुटांत काढला आणि खेळणं सोडलं. का सोडलं, हे त्यांनी विचारलं नाही. पुढे स्कोअर लिहायला मात्र त्यांना नीट अक्षराचं माणूस हवं होतं.

"येऊ नकोस," ती म्हणाली.

"पण सर..."

"सरांना मी सांगते."

गाडीपाशी जैनुद्दीनने बर्फात घातलेली सुरमई डिकीत ठेवली आणि काचेवर थाप मारली. गाडी हायवेला लागल्यावर बाबांनी विचारलं, "झालं ना काम?"

"फॉर्म माझ्याकडेच आहे," रेवा म्हणाली.

ते खोटं नव्हतं. बाबा मस्कतपर्यंत गुणगुणत गाडी चालवत राहिले. मध्येच त्यांनी स्टिअरिंगवरचा एक हात उचलून हवेत बॉल टाकल्यासारखा केला. तिच्याकडे बघून हसलेही.

शनिवारी ती बोलली नाही. रविवारी कॉलेजला जाताना गाडीत बोलायचं ठरवलं होतं, पण बाबा तौहीदला कुठल्या जागेवर खेळवायचं ते सांगत होते, आणि गाला आलं. मंगळवारी त्यांनी विचारलं, फॉर्म ऑफिसात गेला का? बताकाची कॉपी यायची आहे, ती म्हणाली. गुरुवारी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात बाबा वैतागले. "जैनू म्हणजे ना! एक कॉपी काढायला याला किती दिवस लागतात," असं म्हणत त्यांनी तिच्यासमोरच फोन लावला.

"अरे ए बर्फवाल्या, कॉपी पाठवतोस की मी येऊ?"

पलीकडे जैनुद्दीन बराच वेळ बोलत होता. बाबा ऐकताना उभे राहिले. एकदा "शारजा?" म्हणाले. मग अगदी हळू म्हणाले, "शब्द दिला होतास, जैनू."

त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"काय झालं?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"त्याचा विचार बदलला."

"त्याचा? मुलाचा?"

"जैनूचा."

रेवा तिथेच होती. हातात रिमोट होता, समोर बातम्या चालू होत्या. तिने आवाज कमी केला. तेवढंच केलं.

चार दिवसांनी बर्फाच्या गाडीचा ड्रायव्हर खोका देऊन गेला. बूट कोरे होते, नाड्या ओवलेल्याच. आईने तो बेडरूममधल्या कपाटावर टाकला. "बर्फ विकणारा माणूस," ती म्हणाली, "त्याचा शब्द किती वेळ टिकणार?" त्यानंतर बाबा शुक्रवारी घरीच असत. दुपारी झोपत नसत, नुसते आडवे पडत. जैनुद्दीनचा फोन दोनदा आला. तिसऱ्यांदा आला नाही.

त्या सीझनला दहा मॅचेस होत्या. रेवाने दहाही लिहिल्या. प्रत्येक मॅचच्या आधी बाबा स्वतः लांब दांड्याचा झाडू घेऊन कोर्टावरची वाळू काढत. पोरं मोबाइल बघत कडेला बसलेली असत. नवव्या मॅचच्या दिवशी तिने दुसरा झाडू घेतला आणि त्यांच्या मागे निघाली. अर्ध्या कोर्टापर्यंत दोघे बरोबर गेले.

"बाबा."

"हं?"

"तिकडे राहिलीय वाळू. कड्याखाली."

बाबा तिकडे वळले.

जानेवारीत कोर्टावर पार्किंगचे पिवळे पट्टे मारायला माणसं आली. बाबा सावलीला उभे राहून बघत होते. पट्टे वाकडे येतायत, दोरी धरा, असं त्यांनी हिंदीत सांगितलं आणि दोरीचं एक टोक स्वतः धरलं. तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी, दाढी करता करता ते गेले. अर्ध्या गालाला साबण तसाच होता.

दहन सोहारला झालं. गाडी बरक्याच्या चौकातून गेली तेव्हा आईने तोंड दुसऱ्या बाजूला वळवलं. रेवाने वळवलं नाही. कडेला जैनुद्दीनची पांढरी पिकअप उभी होती. थोड्या वेळाने ती मागून येऊ लागली, अंतर ठेवून, थेट सोहारपर्यंत. पण फाटकाच्या आत तो आला नाही.

तेराव्या दिवशी तो आला, आमिनाचाचींबरोबर. दुपारची माणसं जेवून गेली होती. दारात चप्पल काढताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. आईने आमिनाचाचींच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि ट्रे तसाच आत नेला. त्यात आणखी एक पेला भरलेला होता.

जैनुद्दीन खुर्ची सोडून खाली सतरंजीवर बसला. बाबांच्या फोटोकडे त्याने एकदाच पाहिलं.

"वहिनी, माफी मागायला तोंड नाय मला."

"तुम्ही कशाला मागता?" आई दारातूनच म्हणाली. "ज्यांची मागायची ते गेले. शेवटपर्यंत तेच म्हणत होते. शारजाला पाठवलं त्याचं काही नाही, पण जैनूने मला आधी का नाही सांगितलं? सत्तावीस वर्षांत मी काय त्याचं वाईट केलं? झोपेत सुद्धा तेच."

"चुकलं माझं."

"थांबा, तुमची वस्तू आहे आमच्याकडे." आई बेडरूममध्ये गेली. कपाटाशी स्टूल सरकवल्याचा आवाज आला.

रेवाने जैनुद्दीनकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता, आल्यापासून एकदाही बघितलं नव्हतं. आमिनाचाची मात्र बघत होत्या. त्या नजरेत राग नव्हता, नुसती वाट बघणं होतं.

"चाचा," ती हळूच म्हणाली, "तौहीदने तुम्हाला सांगितलं होतं?"

"त्याच दिवशी." जैनुद्दीन सतरंजीची दशी बोटाभोवती गुंडाळत होता. "म्हणाला, दीदी सरांना सांगणार हाय, तुम्ही फोन करू नका. मी म्हटलं, बरं. घरातल्या माणसाने सांगितलेलं बरं पडतं. रोज वाट बघितली. मग राजीवचा फोन आला, हसत होता, मला बर्फवाल्या म्हणाला. तेव्हा कळलं, तू नाय सांगितलंस."

"मग तुम्ही का नाही..."

"काय सांगू? तुझ्या पोरीने फिरवला म्हणून? माझ्यावर रागावला तर घरी बसून चार शिव्या घालील, म्हटलं. तुझ्यावर रागावला तर जेवायला कुणासमोर बसेल?" त्याने दशी सोडली. "राहू दे आता. तू पोराचं भलंच बघितलंस. तिथे खूश हाय तो. वहिनींना यातलं काय सांगू नकोस. माझं काय, मला सवय झाली."

आई खोका घेऊन आली. झाकणावर धूळ साठली होती, ती तिने पुसली नव्हती. खोका तिने जैनुद्दीनसमोर ठेवला, अंतर राखून, हात लागणार नाही असा.

"घेऊन जा. आमच्या घरात एवढा मोठा पाय कुणाचा नाही."

जैनुद्दीनने दोन्ही हातांनी तो उचलला आणि उठायला लागला. आमिनाचाचीही उठल्या. त्या जाता जाता रेवाच्या खांद्याला हात लावून गेल्या.

"त्यांना पाणी दे, आई," रेवा म्हणाली.

"काय?"

"चाचांना पाणी दे. त्यांनी काही केलेलं नाही. तौहीदला येऊ नकोस असं मी सांगितलं. बाबांना सांगते असंही मीच म्हटलं होतं."

आईचा हात पदराशी गेला आणि तिथेच थांबला.

"अगो रेवा," जैनुद्दीन घाईने म्हणाला, "पोराच्या भल्यासाठीच ना गो? वहिनी, पोराचं भलं बघितलं तिने, बाकी काय नाय..."

"नाही, चाचा," रेवा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फळ्यावरचा स्कोअर वाचून दाखवावा तसा. "त्याचं भलं माझ्या मनातही नव्हतं. मला ते बूट बघवले नाहीत."