काकांचा फिटनेस

काका छप्पन्न वर्षांचे. गल्लीच्या तोंडाशी त्यांची व्यायामशाळा होती. सकाळी तीनशे बैठका मारल्याशिवाय ते चहाला शिवत नसत. लग्न केलं नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ शिंपी, अंगाने पाप्याचं पितर, आणि चार मुलींचा बाप. राहायला सगळे एकाच घरात. काका वरच्या खोलीत.

थोरल्या पुतणीला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची नोकरी लागली. पहिल्या तासाची तालीम तिने घरातच, शिलाई मशीनपुढे उभं राहून केली.

"उत्क्रांतीत फिटनेस म्हणजे ताकद नव्हे. आपल्या मागे किती मुलं जगली-वाढली, आपली जनुकं किती पुढे गेली, हे त्याचं माप."

"मग बाबा चार," धाकटी ओरडली, "आणि काका भोपळा!"

सगळे खो खो हसले. काकाही हसले. पण चहा अर्धाच ठेवून ते वर गेले, आणि दुसऱ्या दिवशी व्यायामशाळेचं कुलूप निघालं नाही.

थोरली घाबरतच वर गेली. काका खाटेवर बसले होते.

"काका, चुकलं आमचं. तो शब्द काही शाबासकीचा नाही, नुसतं माप आहे."

"रागावलो नाही गं. माझं लग्न ठरलं होतं एकदा, ते आठवलं."

"तुमचं? कधी?"

"तुझ्या बापाला क्षय झाला त्या वर्षी. त्याचं लग्न व्हायचं होतं अजून. मुलीकडचे म्हणाले, भावाला दुसरीकडे हलवा, मग तारीख काढू. मी म्हटलं, राहू द्या तारीख. आठ महिने त्याच्या उशाशी काढले. नंतर मीच मनावर घेतलं नाही."

थोरलीने बोटांवर हिशोब मांडला.

"मग काल मी अर्धंच सांगितलं, काका. स्वतःच्या मुलात आपली निम्मी जनुकं असतात, सख्ख्या भावाच्या मुलात साधारण पाव. बाबा तुमच्यामुळे वाचले, म्हणून आम्ही चौघी झालो. शास्त्र तेही धरतं. चार पाव म्हणजे दोन निम्मे, स्वतःच्या दोन मुलांइतकं झालं."

"मी काय मोजून केलं होतं?"

"तू तर म्हणाला होतास, मुलगी तुलाच पसंत नव्हती," दारातून आवाज आला. गळ्यात टेप अडकवलेले बाबा तिथे कधीचे उभे होते.

काका गडबडले. "नाक जरा मोठंच होतं तिचं."

बाबांना हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. ते भावाशेजारी टेकले. काकांनी त्यांच्या पाठीवर हात फिरवला, अगदी हलका, पुन्हा धाप लागेल म्हणून जपून.

थोड्या वेळाने दोघे मिळून व्यायामशाळा उघडायला गेले. थोरलीने त्या दिवशी वर्गात काकांचं उदाहरण देऊन उरलेला अर्धा भागही शिकवला. त्या काकांना पुतण्या किती, हा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला तेव्हा ती म्हणाली, "चार. आणि चौघीही फार आगाऊ."