मगनची सभा

निवडणूक तोंडावर आली तसा वैभव नवागामच्या गल्ल्यांमधून फिरू लागला. सुरतेतल्या मराठी लोकांसाठी तो मोबाइलवर बातम्यांचा चॅनल चालवायचा, आणि या वेळी त्याला जुन्या सुरत मतदारसंघाची हकीकत सांगायची होती. उधना, डिंडोली, नवागाम हा सगळा भाग पूर्वी सुरतेचा खासदार निवडायचा. मग मतदारसंघांची फेररचना झाली आणि लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, राबणाऱ्या खानदेशी लोकांची ही वस्ती नवसारीला जोडली गेली. त्याआधी इथे कोण उभं राहिलं, कोणाच्या सभा गाजल्या, हे तो म्हाताऱ्या कामगारांना विचारत होता. त्यांच्यातल्याच एकाने त्याला सुंदराबाईचं दार दाखवलं.

सुंदराबाई साड्यांना टिकल्या लावत बसली होती. वैभवने विचारलं, एका अपक्षाच्या सभेत भिंत पडून माणसं दबली होती, त्यांत तुमचे मालक होते ना? तिने सुई खाली ठेवली नाही. तिचा नवरा मगन खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, लूम चालवताना गेला, असं तिने सांगितलं आणि पाणीसुद्धा न विचारता त्याला वाटेला लावलं.

सून सुवर्णा आतून ऐकत होती. तिला सातवा महिना होता. तिने काही विचारण्याआधीच सुंदराबाई म्हणाली, की राहुलच्या कानावर हे घालायचं नाही.

राहुल तिचा एकुलता मुलगा. बाप गेला तेव्हा तो रांगत होता. आता तोही लूमवरच होता, पण दोन वर्षांपासून एका पक्षाचं काम करू लागला होता. सभा असली की गल्लीतल्या बायामाणसांना टेम्पोत बसवून न्यायचं, पुढच्या रांगा भरायच्या, हे त्याच्याकडे. त्याच्या शब्दाला आता गल्लीत वजन आलं होतं. गटाराचं झाकण फुटलं तरी लोक त्यालाच हाक मारत. सुंदराबाईला त्याचा अभिमान वाटायचा, पण टेम्पो दारात उभा राहिला की ती आत निघून जायची.

त्या रविवारी मोठी सभा होती. ऊन मरणाचं होतं. माणसं कमी पडत होती, म्हणून राहुलने सुवर्णालाही तयार व्हायला सांगितलं. घरचीच बाई बसली नाही तर बाकीच्या कशा बसतील, असं त्याचं म्हणणं. सुवर्णाने पक्षाची टोपी घातली, पाण्याची बाटली घेतली आणि टेम्पोच्या फळीवर पाय ठेवला.

सुंदराबाई घरातून धावत आली आणि तिने सुनेचा दंड धरून तिला खाली ओढलं.

गल्ली बघत राहिली. राहुल शरमेने आईला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारू लागला, की चार लोकांत हे काय चालवलंय. तेव्हा ती बोलली.

"तुना बाप खातामा मरना नही, राहुल. सभामा मरना. त्याले आसाच टेम्पोमा बसाडी लई गयथात."

राहुलला आधी कळलंच नाही. तिने मग सगळं सांगितलं. खात्याच्या शेठने त्या दिवशी लूम बंद ठेवून खात्यातले सगळे कामगार सभेला पाठवले होते. मैदानात जागा उरली नाही तेव्हा काही जण कडेच्या जुन्या भिंतीवर चढून बसले, काही तिच्या सावलीत. भिंत कोसळली आणि मगन तिच्याखाली गेला. सभा भरवणाऱ्यांनी हात वर केले, ही माणसं आपणहून आली होती म्हणाले. उमेदवार निवडणुकीत पडला आणि पुढे शहर सोडून गेला. कामगार आपण पाठवले होते हे बाहेर येईल म्हणून शेठ घाबरला होता. मगन खात्यात काम करताना गेला असं सगळ्यांना सांग, मी दिलेली खोली तुझ्याकडेच राहील, असं त्याने सुंदराबाईला सांगितलं. कडेवर मूल होतं. ती हो म्हणाली, आणि तेव्हापासून हेच सांगत आली.

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. दोघी-तिघी बाया मुकाट्याने उतरल्या, बाकीच्या बसून राहिल्या. राहुल त्यांच्याकडे बघत उभा होता. मग तो ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला आणि टेम्पो निघून गेला.

संध्याकाळी सगळे सुखरूप परतले. राहुल जेवला नाही. पुढचे कितीतरी दिवस तो आईशी कामापुरतंच बोलायचा. मग एकदा कामाची पाळी संपल्यावर त्याने तिला गाडीवर बसवलं आणि जागा दाखवायला सांगितली. तिथे आता कापडाचं मार्केट उभं होतं. गाठोडी चढत होती, रिक्षा अडकल्या होत्या. सुंदराबाई बराच वेळ इकडेतिकडे फिरली. भिंत कुठे होती ते तिला सांगता येईना. तिला एकदम रडू आलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

राहुलने स्वतःच वैभवला बोलावलं. सुंदराबाई कॅमेऱ्यासमोर डोक्यावर पदर घेऊन बसली आणि तिने मगनचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं, शेठचंही सांगितलं. व्हिडिओ गल्लीभर फिरला. पक्षाची माणसं राहुलला काही बोलली नाहीत, त्यांनी फक्त बोलावणं बंद केलं. शेठ कधीच वारला होता. त्याच्या मुलाने मात्र निरोप धाडला, की खोली दुरुस्तीला काढायची आहे, महिनाअखेर रिकामी करा.

ते कामरेजला गेले. राहुलला तिथे एका छोट्या कारखान्यात काम मिळालं, सुवर्णाला मुलगी झाली. नव्या पत्त्यावर मतदार म्हणून नाव घालताना कळलं, की कामरेज बारडोली मतदारसंघात येतं. खोली गेली त्याला आपलं बोलणं कारण झालं, हे सुंदराबाईच्या मनातून जात नव्हतं. राहुल तसं कधी म्हणाला नाही, पण तसं नाही असंही म्हणाला नाही.

एका संध्याकाळी नातीला मांडीवर घेऊन ती ओट्यावर बसली होती. राहुल कामावरून आला आणि शेजारी टेकला.

"त्याले जबरदस्ती लई गयथात का?" त्याने बापाबद्दल विचारलं.

सुंदराबाईला खोटं बोलता आलं असतं.

"नही," ती म्हणाली. "लूम बंद व्हती म्हनीसन तो खुश व्हता. नवा सदरा घालीसन गया."

मुलगी कुरकुरायला लागली, तशी राहुलने तिला आईच्या मांडीवरून उचलून घेतलं आणि तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.